माघारी न बोलावता येणारे वकील

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते. ती कोणाच्या लग्नात मिळाली असे विचारले, की ‘पोर्तुगीज राजकन्येच्या’ एवढे उत्तर येते. पण ती राजकन्या कोण आणि तिचे पुढे काय झाले, येथे बहुतेक जण थांबतात. आपल्या महानगराच्या इतिहासात ही बाई एका षष्ठी विभक्तीपुरती उरली आहे. तिचे नाव कॅथरीन, घराणे ब्रागांझा. २३ जून १६६१ च्या तहातील अकराव्या कलमाने मुंबईचे बेट आणि बंदर तिचा नियोजित पती, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, याला द्यायचे ठरले. शिवाय मोरोक्कोतले टँजियर बंदर आणि वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणे) एवढी रोकड होती. बदल्यात, १६४० मध्ये स्पेनच्या सत्तेतून बाहेर पडलेल्या आणि अजूनही स्पेनशी झुंजत असलेल्या पोर्तुगालला इंग्लंडने सैन्य आणि जहाजे पुरवायची होती. हे सारे ठरवले ते वधूच्या आईने, म्हणजे राज्याचा कारभार सांभाळणाऱ्या राणी लुईसाने.

मे १६६२ मध्ये पोर्ट्समथला लग्न लागले. मुंबई मात्र सुखासुखी हाती आली नाही. बेट ताब्यात घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन आरमारासह येऊन थडकला, तेव्हा गोव्याच्या व्हाइसरॉयने कागदपत्रांत खोट काढली, हद्दीवरून वाद घातला आणि लिस्बनला हरकतीची पत्रे धाडली. शिपमनला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मुक्काम ठोकावा लागला. तेथे तो आणि त्याचे बहुतेक शिपाई रोगराईने मेले, आणि अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने बेटाचा ताबा घेतला. आणखी तीन वर्षांनी राजाने ते वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. नवरी पोहोचल्यानंतर आंदण पोहोचायला पावणेतीन वर्षे लागली, ती का, हे पाहण्यासारखे आहे. जमिनीच्या बाजूने हरकत घ्यायला व्हाइसरॉय होता. मुलीच्या बाजूने हरकत घेण्याची सोय तहात नव्हती.

युरोपातील राजघराण्यांच्या स्त्रियांविषयी आपल्याकडे जे लिहिले आणि दाखवले जाते, ते साधारणपणे दोन साच्यांत बसते. एका साच्यात त्या दागिने, केशरचना आणि प्रेमप्रकरणे यांच्या नायिका असतात. दुसऱ्यात त्या पुरुषांच्या बुद्धिबळातली प्यादी असतात. दुसरा साचा अधिक सहानुभूतीचा वाटतो, म्हणून सुशिक्षित लेखक तो पसंत करतात. माझा आक्षेप दोन्हींवर आहे, आणि दुसऱ्यावर थोडा जास्त आहे. प्यादे पत्रे लिहीत नाही, माहेरच्या दरबाराला बातम्या कळवत नाही, सासरच्या मंत्र्याला पदावरून घालवत नाही. या स्त्रिया ते सगळे करत होत्या, कारण तेच त्यांचे काम होते. मराठेशाहीचा इतिहास वाचणाऱ्याला या कामासाठी वेगळा शब्द शोधावा लागणार नाही: त्या वकील होत्या. वकील म्हणजे काळ्या कोटातले नव्हेत, तर दिल्लीच्या दरबारात पेशव्यांचे हिंगणे होते त्या अर्थाचे. परक्या दरबारी राहून धन्याची बाजू मांडणारे, तिथली खबर इकडे कळवणारे आणि रुसवेफुगवे काढणारे. फरक दोनच होते. नेमलेला वकील काम बिघडले तर माघारी बोलावता येतो, यांना बोलावता येत नसे. आणि कोणत्याही वकिलाला मूल होते की नाही, यावर तहाचे भवितव्य अवलंबून नसे.

हे काम हुद्द्याचे होते आणि माणूस त्यात बदलता येत असे, याचा सर्वात स्पष्ट पुरावा व्हिएन्नात सापडतो. ऑस्ट्रियाची स्वामिनी मारिया थेरेसा हिला सोळा मुले झाली. त्यांत अकरा मुली होत्या. तिला स्वतःला राज्य मिळाले तेच मुळी मुलगी म्हणून वादग्रस्त ठरून. १७४० मध्ये बाप वारला आणि प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने तिच्या सायलीशिया प्रांतावर झडप घातली, त्या युद्धात तिची पहिली आठ वर्षे गेली. ‘लढाया इतरांनी कराव्यात, भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्ने कर’ ही तिच्या हाब्सबुर्ग घराण्याविषयीची जुनी लॅटिन उक्ती या बाईने शब्दशः अमलात आणली. नेपल्सचा राजा फर्डिनांड याच्यासाठी तिने प्रथम योहान्ना ठरवली. ती १७६२ च्या डिसेंबरात देवीने गेली, बाराव्या वर्षी. मग तिच्या पाठची योसेफा ठरली. तीही ऑक्टोबर १७६७ मध्ये देवीनेच गेली, नेपल्सला निघण्याच्या ऐन मुहूर्तावर. सहा महिन्यांच्या आत, एप्रिल १७६८ मध्ये, तिसरी बहीण मारिया कारोलिना त्याच नवऱ्याला दिली गेली. नवरा तोच आणि तह तोच. फक्त वधूच्या जागी एकीमागून एक तीन सख्ख्या बहिणींची नावे आली. योसेफाच्या बाबतीत तर, ही पोर राजकारणाला वाहिलेली आहे अशा आशयाचे आईने आधीच लिहून ठेवले होते. ती निर्दय होती असे मला वाटत नाही. मारिया क्रिस्टिना या लाडक्या लेकीला तिने मनाजोगता, सत्ता नसलेला नवरा करू दिला. म्हणजे दुसरा मार्ग तिला माहीत होता, आणि तो एकीलाच मिळाला. तिची बहीण मारिया आमालिया हिचे मन ज्याच्यावर होते तो तिला नाकारला गेला आणि तिला इटलीतल्या पार्माच्या ड्यूकला देण्यात आले. तिने आईला त्याची क्षमा कधी केली नाही.

सर्वात धाकटी आंतोनिया, म्हणजे पुढची फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. १९ एप्रिल १७७० रोजी व्हिएन्नात तिचे लग्न लागले तेव्हा नवरदेव हजर नव्हता. त्याच्या जागी उभा होता तिचा सख्खा भाऊ. ती चौदा वर्षांची होती. मे महिन्यात स्ट्रासबुर्गजवळ ऱ्हाइन नदीतल्या एका बेटावर मुद्दाम उभारलेल्या लाकडी मंडपात तिला फ्रान्सच्या हवाली करण्यात आले. मंडपाची एक बाजू ऑस्ट्रियाची होती आणि दुसरी फ्रान्सची. एकीकडून ती आत आली, दुसरीकडून बाहेर पडली, आणि तिच्यासोबत आलेले लोक मागच्या मागे परतले. मंडप पाहुण्यांसाठी सजवला होता, तेव्हा शहरात कायदा शिकणारा वीस वर्षांचा ग्योटे, पुढचा जर्मन महाकवी, तो पाहायला गेला. भिंतींवर लावलेल्या चित्रांच्या पडद्यांत जेसन आणि मेडिया यांच्या विवाहाची कथा विणलेली पाहून तो हादरला, कारण ती ग्रीक पुराणातल्या सर्वात भीषण लग्नाची कथा आहे. हे त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिले आहे. सजावट करणाऱ्या अधिकाऱ्याने चित्रांचा अर्थ पाहिलाच नसावा. किंमत पाहिली असावी. सरकारी कामाची ही तऱ्हा सार्वत्रिक दिसते.

पाठवणीच्या दिवशी आईने लेकीला सूचनांचा एक लेखी कागद दिला आणि तो दर महिन्याला वाचायला सांगितला. त्यानंतर दहा वर्षे, आईच्या मृत्यूपर्यंत, व्हिएन्ना आणि व्हर्साय यांच्यामध्ये महिन्यागणिक जासूद धावत राहिले. त्या पत्रांत वाचन, दात, केस, घोडेस्वारी या सगळ्यांबरोबर एका ‘जनरल क्रोटेनडॉर्फ’चा उल्लेख येतो. हा कोणी सेनानी नव्हता. मासिक पाळीला या घरात दिलेले ते टोपणनाव होते, आणि जनरल वेळेवर आले की नाही हे युरोपातल्या एका मोठ्या साम्राज्याच्या स्वामिनीला कळवले जात असे. त्यात ओंगळ काही नाही. १७५६ मध्ये ऑस्ट्रियाने पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर सोडून फ्रान्सशी जी मैत्री केली, ती या मुलीच्या पोटी वारस येईपर्यंत कच्चीच होती, आणि वारसाचा प्रश्न सात वर्षे अडला होता. १७७७ मध्ये थोरला भाऊ सम्राट योसेफ स्वतः व्हर्सायला गेला, मेहुण्याशी मोकळेपणाने बोलला आणि मग गाडी मार्गी लागली. कोणत्या वकिलाच्या शयनगृहाची चौकशी त्याच्या दरबाराने अशी केली असेल? याशिवाय फ्रान्समधला ऑस्ट्रियाचा खराखुरा राजदूत मर्सी आर्जांतो हा तिच्या प्रत्येक हालचालीचा गुप्त अहवाल आईला पाठवत होता, आणि आईला इतके बारकावे कोठून कळतात याचा लेकीला पत्ता नव्हता. वकिलावर हेर नेमण्याची ही पद्धत मात्र आपल्या दरबारांनाही अपरिचित नव्हती.

कसोटीची वेळ १७७८ मध्ये आली. बव्हेरियाचा गादीधारी निपुत्रिक वारला, योसेफने त्या मुलखावर हक्क सांगितला, फ्रेडरिक विरोधात उतरला, आणि व्हिएन्नाहून लेकीला निरोप गेला की नवऱ्याला आमच्या बाजूने उभे कर. ती तेव्हा पहिल्यांदा गरोदर होती. तिने प्रयत्न केला, मंत्र्यांशी भांडलीही. फ्रान्सने सैन्य दिले नाही. माहेरच्या नजरेत ती कुचकामी वकील ठरली, आणि सासरच्या लोकांत ‘ऑस्ट्रियावाली’ ही तिची ओळख अधिक घट्ट झाली. भाकरी नसेल तर केक खा, हे तिच्या तोंडी घातलेले वाक्य तिचे नाही. पण फ्रेंच क्रांती झाल्यावर, १७९२ च्या मार्चमध्ये, ऑस्ट्रियाविरुद्धच्या फ्रेंच सैन्याच्या मोहिमेचा बेत तिने मर्सीला कळवला, ही गोष्ट खरी आहे. क्रांतिकारकांनी तिच्यावर चालवलेल्या खटल्यात फिर्यादी पक्षाकडे याचा धड पुरावा नव्हता, म्हणून त्याने मुलाशी गैरवर्तनाचा किळसवाणा आरोप जोडून घेतला. मला या प्रकरणातली खरी शोकांतिका केकच्या वाक्यात किंवा हिऱ्यांच्या हारात दिसत नाही. चौदाव्या वर्षी जे काम तिच्यावर सोपवले होते, माहेरचे हित पाहा, बातमी कळव, तेच काम तिने सदतिसाव्या वर्षी केले तेव्हा त्याला देशद्रोह म्हणतात. आणि तो देशद्रोह होताही. एकाच माणसाला दोन राज्यांशी इमान राखायला लावणारी ही नेमणूकच तशी होती.

हे आपण आज मागे वळून म्हणतो असे नाही. पार्माची इसाबेला, फ्रान्सच्या पंधराव्या लुईची नात आणि योसेफची पहिली पत्नी, १७६३ मध्ये बाविसावे वर्ष संपण्याआधीच वारली; तिने राजकन्यांच्या नशिबाविषयी एक टिपण लिहून ठेवले आहे. त्याचा आशय असा आहे: राजकन्येला घर, देश, माणसे सोडून एका अनोळखी पुरुषाकडे जावे लागते, ज्याचा स्वभाव आणि विचार तिला ठाऊक नसतो, हे बलिदान सार्वजनिक हितासाठी आहे असे सांगतात, पण खरे पाहता ते एखाद्या मंत्र्याच्या राजकारणासाठी असते, ज्याला दोन घराणी जोडायला दुसरा उपाय सुचत नाही, आणि जो संबंध तो अतूट म्हणून जाहीर करतो, तो फायद्याचा वाटेनासा झाला की लगेच मोडतो. राजवाड्यात राहणाऱ्या विशीतल्या मुलीने संपूर्ण व्यवस्थेचे असे निदान करावे, आणि ते कारुण्याने न करता हिशेबाने करावे, याचे मला नेहमी नवल वाटते. तिचा मुद्दा सोयरीक टिकाऊ असते या गृहीतकावरच घाव घालणारा आहे.

पन्नास वर्षांनी तो अक्षरशः खरा ठरला. मारिया थेरेसाची पणती मारी लुईस लहानपणापासून नेपोलियनचा द्वेष करायला शिकली होती. त्याच्या सैन्यापुढे तिच्या कुटुंबाला राजधानी सोडून पळावे लागले होते. १८१० मध्ये तिला त्याच नेपोलियनला देण्यात आले, म्हणजे ज्या देशाने तिच्या आजोबांच्या बहिणीचे मस्तक उडवले होते त्याच देशात, सतरा वर्षांच्या आत. पुढच्या वर्षी मुलगा झाला. मार्च १८१३ मध्ये मोहिमेवर निघताना नेपोलियनने तिला फ्रान्सचा कारभार पाहण्यासाठी नेमले, आणि ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. बापाने युद्ध पुकारले तेव्हा समोरच्या राज्याची कारभारीण त्याचीच मुलगी होती. पाडाव झाल्यावर तिला मुलासह व्हिएन्नात आणून ठेवले, आणि तेव्हा तिच्या आजीने, म्हणजे नेपल्सच्या त्याच मारिया कारोलिनाने, तुला नवऱ्याकडे जाऊ देत नसतील तर खिडकीला चादरी बांधून पळून जा, असा सल्ला दिल्याचे नेपोलियनच्या जुन्या चिटणिसाने नोंदवले आहे. ही आजी नेपोलियनची हाडवैरीण होती. तिने सोयरिकीचा शब्द पाळायला सांगावे, आणि सोयरीक जुळवणाऱ्या दरबाराने तो मोडावा, यावरून तहाला बांधील कोण होते हे कळते. मारी लुईस पळाली नाही. तिला पार्मा मिळाले. तेथे तिने पूल बांधले, नाट्यगृह उभारले, १८४७ पर्यंत बऱ्यापैकी राज्य केले. मुलाला तिच्याबरोबर जाऊ दिले नाही. तो १८३२ मध्ये शोनब्रुनच्या राजवाड्यात एकविसाव्या वर्षी क्षयाने गेला.

आता त्या आजीकडेच वळले पाहिजे, कारण तिच्यापाशी प्यादे हा शब्द पूर्ण निकामी होतो. मारिया कारोलिनाच्या विवाहकरारात असे कलम होते, की पुत्र झाला म्हणजे तिला राज्याच्या मंत्रिमंडळात बसता येईल. १७७५ मध्ये पुत्र झाला, ती बसली, आणि पुढच्याच वर्षी वर्षानुवर्षे कारभार हाकणारा तानुच्ची पदावरून गेला. राजाला शिकारीत आणि मासेमारीत रस होता. राज्य ती चालवत होती. सतरा-अठरा बाळंतपणे सोसत तिने ते चालवले. याच बाईच्या लग्नासाठी १७६८ मध्ये एका सोळा वर्षांच्या मुलीने मंगलकाव्य रचले होते. ती मुलगी एलेओनोरा फोन्सेका पिमेंतेल, मूळच्या पोर्तुगीज उमराव घराण्यातली, राणीच्याच वयाची. दोघींचा जन्म १७५२ चा. एलेओनोराला पुढे दरबाराचा आश्रय मिळाला, छळणाऱ्या नवऱ्यापासून ती कोर्टाकरवी वेगळी झाली, एकुलता मुलगा गमावून बसली, आणि १७९९ मध्ये नेपल्समध्ये पाच-सहा महिने प्रजासत्ताक आले तेव्हा त्याचे वृत्तपत्र तिने चालवले. प्रजासत्ताक कोसळले. किल्ल्यांतल्या क्रांतिकारकांना अभय देणारा करार इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याने धुडकावला, आणि पालेर्मोला पळून गेलेली राणी तिथून इंग्रज राजदूताची पत्नी लेडी हॅमिल्टन हिला लिहीत होती की बंडखोरांना दया दाखवू नका. शंभराच्या आसपास लोक फासावर किंवा कुऱ्हाडीखाली गेले. २० ऑगस्टला बाजारचौकात एलेओनोराला फाशी दिली. उमरावाच्या दर्जाला साजेसा शिरच्छेदही तिला नाकारला गेला.

राणीच्या बहिणीचा शिरच्छेद झाला होता, भीतीने तिचे डोके फिरले होते, असा तिचा बचाव केला जातो. भीती खरी होती. पण ती प्यादे होती असे एकदा म्हटले, की एलेओनोराच्या फासाची जबाबदारी हवेत विरून जाते, आणि शिकारीतून वेळ न मिळणाऱ्या नवऱ्याच्या नावे सगळे जमा होते. हुद्दा मान्य केला तर हिशेब मागता येतो. दयेच्या नावाखाली इतिहासातल्या स्त्रियांना आपण जे अज्ञानत्व बहाल करतो, ते अल्पवयीनाला देतात तसले संरक्षण आहे, आणि त्यात मान नाही. याउलट मारी लुईसची बहीण लिओपोल्डिना पाहा. पोर्तुगालचा राजपुत्र पेद्रो याच्याशी लग्न होऊन ती १८१७ मध्ये ब्राझीलला गेली. व्हिएन्नाच्या दृष्टीने तिने राजसत्ता सांभाळायची होती. २ सप्टेंबर १८२२ रोजी, नवरा दौऱ्यावर असताना, तिने मंत्रिमंडळाची बैठक चालवून स्वातंत्र्याचा सल्ला त्याला कळवला, आणि पाच दिवसांनी त्याने ब्राझीलचे स्वातंत्र्य घोषित केले. इथे वकिलाने धनीच बदलला, आणि राजाऐवजी एका देशाला धनी केले. त्या स्वातंत्र्याचे श्रेय पेद्रोच्या ‘पत्नी’ला द्यायला आपण कचरतो, तर कारोलिनाच्या पापाचा वाटा फर्डिनांडच्या ‘पत्नी’ला देताना का कचरू नये, असा उलटा प्रश्न कोणी केला तर माझे उत्तर हेच राहील, की दोघींच्या नावे त्यांचे त्यांचे काम मांडा.

लग्नांनी निदान काही युद्धे टळली असतील, हा युक्तिवाद उरतो. काही टळलीही असतील. पण ज्या काळात युरोपातली सोयरीक सर्वात दाट विणली गेली होती, त्याच काळाच्या शेवटी १९१४ उभे आहे: इंग्लंडचा राजा, जर्मनीचा सम्राट आणि रशियाची सम्राज्ञी ही तिघे राणी व्हिक्टोरियाची नातवंडे. त्यातल्या जर्मन सम्राटाची आई, व्हिक्टोरियाची थोरली लेक, सतराव्या वर्षी बर्लिनला गेली आणि शेवटपर्यंत ‘इंग्रज बाई’ राहिली. १८८८ मध्ये तिचा नवरा नव्याण्णव दिवस राज्य करून वारला, तेव्हा मुलाने आईच्या राजवाड्याला सैनिकांचा वेढा घालून कागदपत्रे शोधली. महत्त्वाची कागदपत्रे ती आधीच इंग्लंडला पाठवून मोकळी झाली होती. परक्या वकिलातीचे दप्तर जप्त करावे, तसा तो प्रकार होता. फक्त छापा घालणारा पोटचा मुलगा होता.

आपल्या कॅथरीनचे काय झाले, ते सांगायचे राहिले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने आपल्या रखेलीलाच तिची दासी म्हणून नेमले. ती रुसली, भांडली, हरली, आणि तिच्यासोबत आलेले बहुतेक पोर्तुगीज लोक परत पाठवले गेले. मूल झाले नाही. १६७८ मध्ये राजाला विष घालण्याच्या कटात तिला गोवण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा मात्र चार्ल्स तिच्या पाठीशी उभा राहिला. विधवा झाल्यावर, १६९२ मध्ये, ती लिस्बनला परत निघाली. माघारी येऊ शकलेल्या मोजक्या वकिलांपैकी ती एक. तिथे आजारी भावाच्या जागी तिने १७०४-०५ मध्ये राज्याचा कारभार पाहिला, स्पेनविरुद्धचे युद्ध चालू असताना. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागाला तिच्यावरून नाव पडले अशी समजूत असल्यामुळे, १९९० च्या दशकात तेथे नदीकाठी तिचा भव्य पुतळा उभारायचे ठरले होते. काही नागरिकांनी विरोध केला, कारण तिचे माहेर आणि सासर दोन्ही घराणी गुलामांच्या व्यापारात गुंतलेली होती. समर्थक म्हणत होते की बिचारीचा त्यात काय दोष, तिने तर इंग्लंडला चहाची गोडी लावली. विरोधकांनी तिला जरा जास्तच धारेवर धरले असे मला वाटते, पण निदान ते तिच्याकडे हुद्द्यावरची व्यक्ती म्हणून पाहत होते. पुतळा झाला नाही. त्याची लहान प्रतिकृती लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठी उभी आहे, ज्या नदीतून ती तेवीस वर्षांची असताना, पाठीमागे मुंबईचे कलम ठेवून, निघाली होती.